बिल्डरूटमध्ये स्वतःचा बूटलोडर: टिक केलं तरी तो बनत का नाही?

आधी प्रश्न थोडक्यात. बूटलोडर म्हणजे वीज आल्यावर लिनक्सच्या आधी चालून त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, उचलणारा छोटा प्रोग्राम. बिल्डरूट म्हणजे बोर्डसाठी लागणारं सगळं लिनक्स एकत्र बांधणारं अवजार. नाशिकच्या सातपूरमधल्या एका छोट्या कंपनीत द्राक्षांच्या शीतगृहाचा कंट्रोलर बनतो. बोर्ड त्यांचा स्वतःचा, आय.एमएक्स ६ चिपचा. बूटलोडरही घरीच लिहिलेला. तो वॉचडॉग (सिस्टम अडकली तर बोर्ड रीस्टार्ट करणारा टायमर) लावतो, एक बटण दाबलंय का ते बघतो आणि दोन कर्नलपैकी एक उचलतो. नाव शीतबूट. आजवर एक शेल स्क्रिप्ट तो कंपाइल करून डीडी या कॉपी करण्याच्या कमांडने एसडी कार्डावर टाकायची. आता सगळं बिल्डरूटमध्ये आणायचं ठरलंय. बूट फोल्डरमध्ये पॅकेज लिहिलं, मेन्युकॉन्फिग या निवडीच्या मेन्यूत नाव दिसलं, टिक केलं, मेक चालवलं. एरर काहीच नाही आणि इमेजेस फोल्डरमध्ये फाइलही नाही. पुढचं प्रॉडक्ट योक्टो या दुसऱ्या बिल्ड सिस्टमवर जाणार आहे, तर तिथे हे कसं होईल, हाही एक उपप्रश्न आहे.

मी अंबडमध्ये अठरा वर्षं बोर्ड जागे करण्याचंच काम करते आहे, म्हणून जरा लांबण लावते. व्हेरिएबलची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. तुम्ही फाइलमध्ये ती इंग्रजी कॅपिटलमध्येच लिहिणार, हे गृहीत धरलंय.

तुम्ही पाठवलेल्या कॉन्फिग फाइलमध्ये चिन्हाचं नाव बीआर२_पॅकेज_शीतबूट असं आहे. चूक तिथेच आहे. तिथे बीआर२_टार्गेट_शीतबूट हवं.

हे नाव बदललं की काय होतं ते समजून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा फसाल. पॅकेजच्या मेक फाइलच्या शेवटी जेनेरिक-पॅकेजची जी एक ओळ असते, ती चालताना बिल्डरूट त्या फाइलचा पत्ता बघतं. फाइल बूट फोल्डरमध्ये असेल तर ते 'टार्गेट' उपसर्गाचं चिन्ह शोधतं. टूलचेन फोल्डरला नियम वेगळा, लिनक्स कर्नलला वेगळा, बाकी सगळ्यांना 'पॅकेज'. तुम्ही टिक केलेलं चिन्ह कॉन्फिगमध्ये 'हो' म्हणून बसलंय, पण त्याच्याकडे बघणारं कोणी नाही. बिल्डरूट ज्या नावाची वाट बघतंय ते कधी जन्मालाच आलं नाही. म्हणून एरर नाही. खात्री करायची असेल तर 'मेक शीतबूट' असं थेट नाव घेऊन चालवा. टिक असो वा नसो, तो बनेल. मग 'मेक शो-टार्गेट्स' चालवा, त्या यादीत शीतबूट नसेल. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या तर रोग हाच. नाव बदलल्यावर मेन्यूत जाऊन परत टिक करायला लागेल, आणि सेव्हडेफकॉन्फिग (ही निवड फाइलमध्ये जपणारी कमांड) विसरू नका, नाहीतर सहकाऱ्याच्या मशीनवर पुन्हा तोच खेळ.

जाता जाता एक सल्ला. हे पॅकेज बिल्डरूटच्या मूळ झाडात ठेवू नका. एक्स्टर्नल ट्री, म्हणजे बिल्डरूटच्या बाहेरचं स्वतःचं झाड, करा, त्यात बूट नावाचं फोल्डर करा आणि शीतबूट तिथे ठेवा. उपसर्गाचा नियम तिथेही तसाच चालतो. बिल्डरूटचं नवं एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती, फेब्रुवारीत येतं. तुमचं सामान वेगळ्या फोल्डरात असेल तर ती उडी एका दुपारचं काम असते. मिसळलेलं असेल तर आठवडा जातो.

आता दुसरा मूक सापळा. बूटलोडर हे रूट फाइलसिस्टममध्ये जाणारं पॅकेज नाही. तो बिझीबॉक्स या कमांडच्या संचासारखा टार्गेट फोल्डरात टाकून काही उपयोग नाही, कारण चिपच्या आतल्या रॉमला, म्हणजे बूटलोडर शोधणाऱ्या पक्क्या कोडला, एक्स्ट-४ ही फाइलसिस्टम वाचता येत नाही. म्हणून मेक फाइलमध्ये शीतबूट_इन्स्टॉल_टार्गेट 'नो' आणि शीतबूट_इन्स्टॉल_इमेजेस 'येस' लिहायचं. दुसऱ्याचं डिफॉल्ट 'नो' आहे. तुम्ही इन्स्टॉल_इमेजेस_सीएमडीएस छान लिहिलंय, त्यात फाइल बायनरीज_डिरमध्ये कॉपीही होते, पण वरचा 'येस' नसेल तर तो भाग कधी चालतच नाही. इथेही एरर येत नाही. तुमच्या फाइलमध्ये ही ओळ मला दिसली नाही, म्हणजे नाव दुरुस्त केल्यावर तुम्ही याच दगडाला अडखळणार होतात.

तिसरी गोष्ट मला तुमच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये दिसली. शेवटी एमकेइमेज, म्हणजे यू-बूट या प्रसिद्ध मुक्त बूटलोडरचं अवजार, चालवून तुम्ही बायनरीला आय.एमएक्सचं हेडर लावता. हे एमकेइमेज येतं कुठून? तुमच्या उबंटूमधून, कधीतरी ॲप्टने टाकलेलं. नव्या मुलाच्या लॅपटॉपवर ते नसेल, किंवा असलं तरी वेगळ्या आवृत्तीचं असेल. डिपेंडन्सीजमध्ये होस्ट-यूबूट-टूल्स लिहा. मग बिल्डरूट स्वतःचं एमकेइमेज बांधून होस्ट फोल्डरात ठेवेल आणि बिल्डच्या कमांडपुढे टार्गेट_मेक_एन्व्ह लावलंत की पाथमध्ये तेच आधी सापडेल. बूटलोडर यू-बूट नसला तरी यू-बूटची अवजारं लागतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

इथे थांबून एक प्रश्न विचारते. यू-बूटच का नको? बिल्डरूटमध्ये त्याचं तयार पॅकेज आहे. त्याला स्वतःचा गिट पत्ता, स्वतःचं डेफकॉन्फिग, स्वतःचे पॅच देता येतात, पॅकेज लिहावंच लागत नाही. वॉचडॉग, बटण, दोन कर्नल हे सगळं त्यात होतं. वोल्फगांग डेंक यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आधी पीपीसीबूट होता, २००२ मध्ये यू-बूट झाला. दोन दशकांत लोकांनी डीडीआर मेमरीच्या ज्या खोड्या त्यात निस्तरल्यात, त्या तुम्ही एकट्याने परत निस्तरणार आहात का? पण तुम्ही लिहिलंय की शीतबूट सहा वर्षं शेतात चालू आहे आणि अर्ध्या सेकंदात कर्नलला हात घालतो. चालणारी गोष्ट उगाच बदलू नये, हेही मला पटतं. तर शीतबूटच धरून पुढे जाऊ. नव्या बोर्डला मात्र हा विचार करा.

चौथी गोष्ट सगळ्यात किचकट आहे आणि ती तुम्हाला अजून भेटलेली नाही. बिल्डरूटचा क्रॉस कंपायलर लिनक्सवर चालणाऱ्या प्रोग्रामसाठी बनलेला असतो. बूटलोडरखाली लिनक्स नसतं, सी लायब्ररी नसते, काही नसतं. त्यामुळे टार्गेट_सीफ्लॅग्ज आणि टार्गेट_एलडीफ्लॅग्ज त्याला देऊ नका. फक्त क्रॉस कंपाइलचा उपसर्ग द्या, म्हणजे टार्गेट_क्रॉस, आणि बाकीचे फ्लॅग तुमच्या मेकफाइलचे तुम्ही सांभाळा. फ्रीस्टँडिंग, नोस्टडलिब, स्वतःची लिंकर स्क्रिप्ट, हे तुमच्याकडे आहेच.

पण एवढ्याने सुटका नाही. बिल्डरूटमध्ये तुम्ही जो जीसीसी चालवता तो खरा जीसीसी नसून एक वेष्टन असतं, रॅपर. तुमच्या कमांडमध्ये ते स्वतःचे फ्लॅग घुसवतं. कॉन्फिगमध्ये सुरक्षेसाठी पाय, म्हणजे पोझिशन इंडिपेंडंट एक्झिक्युटेबल, चालू असेल तर तो फ्लॅगही तेच घालतं. मग कर्नल आणि यू-बूट कसे बनतात? तर रॅपर कमांड लाइनमध्ये डबल अंडरस्कोर कर्नल किंवा डबल अंडरस्कोर यूबूट हे मॅक्रो शोधतं. ते दिसले की गप्प बसतं. शीतबूटला ही ओळख नाही. म्हणजे ज्या दिवशी कोणीतरी सिक्युरिटी ऑडिटनंतर पाय चालू करेल, त्या दिवशी तुमचा बूटलोडर विनाएरर कंपाइल होईल आणि बोर्डवर पहिल्याच फंक्शन पॉइंटरला कोलमडेल, कारण रिलोकेशन करून, म्हणजे पत्ते जुळवून, देणारा लोडर तिथे नाहीच. उपाय साधा आहे. तुमच्या मेकफाइलमध्ये नो-पाय आणि नो-स्टॅक-प्रोटेक्टर हे दोन्ही स्पष्ट लिहा, कंपाइल आणि लिंक दोन्हीकडे. यू-बूटचा मॅक्रो उसना घेऊन रॅपरला फसवणारे लोक मी पाहिलेत. चालतं ते, पण दोन वर्षांनी कोडमध्ये तो मॅक्रो का आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

आवृत्तीबद्दल दोनच वाक्यं. शीतबूट_व्हर्जनमध्ये तुम्ही 'मास्टर' लिहिलंय, ते काढा आणि टॅग किंवा पूर्ण कमिट हॅश लिहा. ब्रँचचं नाव दिलं की बिल्डरूट एकदा डाउनलोड करून त्याच नावाची टारबॉल डीएल फोल्डरात ठेवतं आणि नंतर कितीही पुश केलं तरी तीच जुनी उघडत राहतं. रोजच्या कामासाठी लोकल-डॉट-एमके फाइलमध्ये शीतबूट_ओव्हरराइड_एसआरसीडिर द्या, म्हणजे तुमच्या चालू फोल्डरातून कोड उचलला जाईल. आणि 'शीतबूट-रीबिल्ड' नंतर 'ऑल' लिहायला विसरू नका, नाहीतर बायनरी नवी आणि कार्डाची इमेज जुनीच. कोड कंपनीचा असेल तर लायसन्स प्रोप्रायटरी आणि रीडिस्ट्रिब्यूट 'नो' लिहा. लीगल-इन्फो चालवून ग्राहकाला फोल्डर पाठवताना सोर्स सोबत गेला की मग फार उशीर झालेला असतो.

इथवरचं काम झालं की इमेजेस फोल्डरात फाइल येईल आणि तुम्हाला वाटेल झालं. माझ्या मते अर्धंच झालं. फाइल बनवणं आणि ती रॉमला सापडेल अशा जागी ठेवणं, ही दोन्ही एकाच पॅकेजिंगची कामं आहेत. दुसरं काम तुमच्याकडे अजून डीडीच्या एका ओळीत, म्हणजे कोणाच्या तरी डोक्यात आहे.

प्रत्येक चिपच्या रॉमचा हट्ट वेगळा. तुमचं आय.एमएक्स ६ एसडी कार्डावर १ केबीपासून वाचतं. ऑलविनर ८ केबीपासून. रॉकचिपचा पहिला टप्पा सेक्टर ६४ वर, म्हणजे ३२ केबीवर बसतो. बीगलबोनवरच्या एएम३३५एक्सला फॅट पार्टिशनमध्ये एमएलओ नावाची फाइलही चालते. आता कार्डाचे भाग नोंदवणारं जीपीटी पार्टिशन टेबल सहसा सेक्टर ३३ पर्यंत पसरलेलं असतं, म्हणजे पहिले १७ केबी त्याचे. १ केबी म्हणजे सेक्टर २, बरोबर त्या टेबलाच्या पोटात. म्हणून आय.एमएक्स ६ च्या कार्डावर साधं जीपीटी करू नका, एमबीआर हे जुन्या पद्धतीचं टेबल ठेवा. जीपीटी हवंच असेल तर जेनइमेज या कार्डाची इमेज बनवणाऱ्या अवजाराला टेबलच्या नोंदी पुढे सरकवायला सांगता येतं.

जेनइमेजच्या कॉन्फिगमध्ये बूटलोडरला स्वतंत्र पार्टिशन म्हणून लिहा, ऑफसेट १के, आणि इन-पार्टिशन-टेबल 'नो'. टेबलात तो दिसणार नाही, पण जागा राखली जाईल. आता महत्त्वाचं: त्याला साइझही द्या. आणि तुमचा बूटलोडर 'कोणता कर्नल उचलायचा' ही खूण जिथे लिहितो, त्या जागेलाही असंच एक टेबलाबाहेरचं पार्टिशन द्या, मग त्यात काही भरायचं नसलं तरी चालेल.

याचं कारण सांगते, कारण याची फी मी भरलेली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत हवामान नोंदवणारे लॉगर बसवले. चिप हीच, बूटलोडर यू-बूट. तो १ केबीपासून आणि त्याचं एन्व्हायर्नमेंट (सेटिंग साठवायची जागा) ५१२ केबीवर. म्हणजे यू-बूटला जागा ५११ केबी. जुना त्यात आरामात मावायचा. मग नव्या आवृत्तीवर गेलो, यूएसबी आणि नेटवर्क चालू केलं, आणि बायनरी ती रेघ ओलांडून पुढे गेली. कोणी आकार बघितला नाही. मीही नाही.

कामाच्या टेबलावर सगळं पास झालं. कारखान्यात पहिल्या बूटला सिरियल नंबर लिहून सेव्हएन्व्ह (एन्व्हायर्नमेंट कार्डावर लिहिणारी कमांड) चालवायचो, मग लिनक्स वर यायचं, टेस्ट चालायची, हिरवा दिवा, डबा बंद. शेतात बसवताना वीज दिली तर एकही लॉगर उठेना. आधी वायरिंगवर संशय, मग पॉवर सप्लायवर. संध्याकाळी एक लॉगर उघडून अंबडला आणला, कार्डाचा हेक्सडंप काढला आणि ५१२ केबीपासूनचा भाग बघितला. उजवीकडच्या रकान्यात, बायनरीच्या कचऱ्यात, आमचाच सिरियल नंबर स्वच्छ वाचता येत होता. यू-बूटच्या शेपटाला डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डच्या हार्डवेअरचं वर्णन, चिकटवलेला असतो. त्याच्या मधोमध तो जाऊन बसला होता. पहिला बूट चालायचा, कारण तेव्हा यू-बूट आधीच रॅममध्ये गेलेला असायचा आणि कार्डावरची प्रत नंतर खराब व्हायची. आमच्या टेस्टमध्ये दुसरा बूट नव्हताच. छाटणीचे दिवस, शेतकऱ्यांना डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाची भीती, आणि आम्ही बागेबागेत फिरून कार्डं बदलतोय. एका काकांनी चहा दिला आणि विचारलं, "ताई, एकदाच चालणारं मशीन कशाला बनवलं?"

जेनइमेजमध्ये बूटलोडरच्या पार्टिशनला साइझ दिली असती तर फाइल मावत नाही म्हणून बिल्ड तिथेच पडलं असतं. एन्व्हायर्नमेंटला पार्टिशन दिलं असतं तर दोन्ही एकमेकांवर येतात म्हणून पडलं असतं. यू-बूटमध्ये बोर्ड साइझ लिमिट नावाचा पर्यायही आहे. एन्व्हायर्नमेंट ७६८ केबीवर नेलं तर तिथे ७८५४०८ लिहायचं, म्हणजे ७६८ उणे १ केबी, बाइटमध्ये. आमच्याकडे आता दोन्ही आहेत.

आणखी एक. इमेजेस फोल्डर बिल्डरूट आपणहून साफ करत नाही. उद्या तुम्ही आउटपुट फाइलचं नाव बदललंत आणि जेनइमेजमध्ये जुनंच राहिलं, तर तिथे पडलेली मागच्या महिन्याची बायनरी मुकाट्याने कार्डात जाईल. रिलीजचं बिल्ड नेहमी कोऱ्या आउटपुट फोल्डरातून करा, वेळ लागला तरी.

योक्टोबद्दल थोडक्यात, कारण तत्त्व तेच आहे. तिथे इमेजेस फोल्डरची जागा डिप्लॉय घेतं. रेसिपीत (योक्टोच्या पॅकेज फाइलमध्ये) डिप्लॉय क्लास इनहेरिट करा, डू_डिप्लॉय टास्क लिहा आणि फाइल डिप्लॉयडिरमध्ये टाका. लोक हमखास चुकतात ते इथे: थेट डिप्लॉय_डिर_इमेजमध्ये कॉपी करतात, तीही डू_इन्स्टॉलमधून. पहिल्यांदा चालतं. मग दुसऱ्या मशीनवर शेअर्ड स्टेट कॅशमधून, म्हणजे आधीच्या बिल्डच्या साठ्यातून, रेसिपी 'झालेली' म्हणून उचलली जाते, टास्क चालत नाही, आणि फाइल गायब. रेसिपीत व्हर्च्युअल/बूटलोडर हे प्रोव्हाइड्समध्ये घाला, मशीनच्या कॉन्फिगमध्ये प्रिफर्ड प्रोव्हायडर शीतबूट लिहा, आणि पॅकेज_आर्च मशीनचं ठेवा. कंपाइल करताना 'डब्ल्यूएल,-ओ१ ओळखता येत नाही' अशी लिंकरची तक्रार आली तर घाबरू नका. योक्टो एलडीफ्लॅग्ज एन्व्हायर्नमेंटमध्ये एक्सपोर्ट करतं, ते जीसीसीसाठी लिहिलेले असतात आणि तुमची मेकफाइल थेट एलडीला बोलावते. डू_कंपाइलच्या सुरुवातीला एलडीफ्लॅग्ज, सीफ्लॅग्ज, सीपीपीफ्लॅग्ज अनसेट करा. यू-बूटची रेसिपीही हेच करते. कार्डाच्या इमेजसाठी विक (योक्टोचं इमेज बनवायचं अवजार) फाइलमध्ये रॉकॉपी सोर्स वापरा आणि अलाइन १ द्या.

आता शीतबूटची इमेज बनली की कार्ड घालण्याआधी एक मिनिटाचं काम करा. इमेज फाइलचा १०२४ व्या बाइटपासून ३२ बाइटचा हेक्सडंप काढा. पहिले चार बाइट डी१ ०० २० ४० असे दिसले पाहिजेत. ते रॉमला हवं असलेलं हेडर आहे. तिथे शून्यं असतील तर जेनइमेजचा ऑफसेट चुकलाय. तुमच्या एआरएम कोडचे बाइट असतील तर एमकेइमेज चाललंच नाही. डी१ दुसरीकडेच, म्हणजे फाइलच्या अगदी सुरुवातीला दिसला, तर तुम्ही पूर्ण इमेजऐवजी नुसत्या बूटलोडरची फाइल बघताय. हेडर बरोबर असूनही सिरियल पोर्टवर काहीच येत नसेल, तर बूटचे डीआयपी स्विच तपासा. बोर्ड ईएमएमसी या त्याच्यावरच्याच फ्लॅश मेमरीवरून जुनाच शीतबूट उचलत असेल तर तुम्ही कार्डावर काहीही टाका, फरक पडणार नाही. म्हणून बूटलोडरच्या पहिल्या प्रिंटमध्ये कमिट हॅश छापा.

कार्ड किंवा ईएमएमसी पूर्ण बिघडलं तरी हा बोर्ड मरत नाही. वैध इमेज सापडली नाही की रॉम यूएसबीवर वाट बघत बसते. बिल्डरूटच्या होस्ट युटिलिटीजमध्ये यूयूयू (यूएसबीवरून इमेज पाठवणारं अवजार) टिक करून ठेवा आणि एक मायक्रो यूएसबी केबल टेस्ट टेबलाला कायमची बांधून ठेवा. आमच्याकडे ती केबल मोबाइल चार्जिंगला जाते, म्हणून आता तिला लाल टेप लावलाय.

आणि टेस्टच्या कागदावर 'बूट' या ओळीखाली आणखी एक ओळ घाला: कर्नलची खूण लिहा, वीज पूर्ण काढा, दहा सेकंद थांबा, परत द्या.